सुईच्या आधीचं बोलणं

मुलीच्या बापाशी गर्भपिशवीबद्दल बोलायचं असेल तर त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, समोरच्या केसपेपरकडे बघत बोलायचं, हे मला माझ्या पहिल्या नेमणुकीत एका वयस्कर सिस्टरनं शिकवलं. "तुम्ही वर बघितलं की तो उठून गेलाच समजा, मॅडम," असं ती म्हणायची. मी तेव्हा नवीकोरी डॉक्टर होते, तोंडानं फटकळ आणि आतून घाबरट. सिस्टरचं म्हणणं मला भलतंच सोयीचं वाटलं. पुढची तीसेक वर्षं मी केसपेपरकडे बघत बोलले. बायकांशीही तसंच. त्या सवयीनं काय केलं आणि ती कशी सुटली, एवढंच मी इथे लिहिणार आहे. कुठे शिकले, कुठे बदली झाली, निरोप समारंभात कोण काय बोललं, हे वाचून कुणाला काय करायचंय?

माझी नोकरी नंदुरबार जिल्ह्यातच गेली. थोडी सपाटीवर, बरीचशी डोंगरात. निवृत्त झाल्यावर शहाद्याहून लोणखेड्याला जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्यांचा दवाखाना घातला. तिथे येणाऱ्या आईबापांशी मी सध्या सगळ्यात जास्त ज्या विषयावर बोलते तो विषय म्हणजे वयात येणाऱ्या मुलींना द्यायची एचपीव्हीची लस.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सरळ सांगते. बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर होतो. तो बहुतेक वेळा एका विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू शरीरसंबंधातून येतो. आला म्हणजे लगेच रोग होतो असं नाही. बहुतेकींच्या अंगातून तो आपोआप निघून जातो. काहींच्या अंगात मात्र वर्षानुवर्षं दबा धरून बसतो आणि चाळिशीच्या आसपास घर पोखरून बाहेर येतो. त्याच्यावर लस आहे. ती विषाणू यायच्या आधी द्यावी लागते, म्हणजे नऊ ते चौदा या वयात. दंडात एक सुई, बस. टोचायला दहा सेकंद लागतात. पण त्याआधीचं बोलणं कधी कधी वर्षभर चालतं.

कारण बघा ना, मी बापाला काय सांगत असते? तुझी फ्रॉकमधली पोर एक दिवस नवऱ्याजवळ जाणार आहे, त्याची तयारी आज कर. हे ऐकून कुठल्या बापाला गोड वाटेल?

कोरीटचे एक मिरचीवाले शेतकरी आहेत. त्यांची मुलगी लोणखेड्याला वसतिगृहात राहून आठवीत शिकते. तिला सर्दी झाली म्हणून नवरा-बायको दोघं तिला घेऊन आले होते. सर्दीचं बघून झालं आणि मी लशीचा विषय काढला. भाऊ ताडकन म्हणाले, "मन्ही पोरले काय व्हयेल शे का?"

"नाही हो, काही झालेलं नाही."

"मंग सुई कसाले?"

मी नेहमीचं पुस्तकी सुरू केलं, प्रतिबंध, संरक्षण वगैरे. भाऊ माझ्या मागच्या कॅलेंडरकडे बघत बसले. त्यांची बायको मात्र माझ्याकडे बघत होती. माझी आई धुळ्याकडची, घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. मी सरळ तीवर आले.

"भाऊ, मिरचीवर व्हायरस येस, तो कव्हय येस?"

"रोप ल्हान ऱ्हास तव्हयच."

"मंग झाड मोठं व्हयनं, पानं आकसाले लागनात, मंग फवारीसन काही उपेग?"

"काय उपेग? उपटी फेकनं पडस."

"मंग तुम्ही काय करतस?"

"रोपलेच जपतस ना. जाळी लावतस, औषध देतस..." एवढं म्हणून ते थांबले आणि बायकोकडे वळले. "समजनं का तुले? रोप शे तव्हयच करनं पडस, अशी सांगी ऱ्हायनी मॅडम."

"मी कव्हयनी समजनू," बायको म्हणाली. "तुम्हले समजाडाले मिरची लागनी."

मी मनात स्वतःची पाठ थोपटली. तेवढ्यात भाऊंनी पुढचा प्रश्न टाकला, आणि शेतकऱ्याच्या डोक्यात तो यायलाच हवा होता. "पण मॅडम, मिरचीना व्हायरस पांढरी माशी आनस. आठे माशी कोनती?"

आली का पंचाईत! मी सवयीनं केसपेपर ओढला. मुलगी बाहेर बाकावर बसली होती, ते एक बरं. म्हटलं, आता सुटका नाही. "भाऊ, आठे माशी म्हणजे नवरा."

मग त्यांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे गदागदा हलायला लागले. भाऊ कानापर्यंत लाल झाले. पण उठून गेले नाहीत. पाच मिनिटांनी मुलीला आत बोलावून म्हणाले, "बाही वर कर."

असं सरळ सगळीकडे होत नाही. नंदुरबारचे एक गादीवाले आहेत, पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजून गाद्या भरणारं मुसलमान घर. त्यांच्या मुलीची आई दोनदा येऊन बोलून गेली होती, म्हणाली, "इस के अब्बू से पूछना पडेगा." तिसऱ्या वेळी अब्बू स्वतः आले. दाढीत कापसाचे तंतू, हातात टोपी. मी सगळं सांगितलं, विषाणू कसा येतो तेही. ते मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं, हा माणूस आता सलाम करून निघणार. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "डॉक्टरनी, ये सुई लडकों को लगती है क्या?"

"लगती है. लग सकती है."

"तो फिर आप सब से बेटी लाने को क्यूं बोलते? बीमारी लाने वाला तो लडका है."

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्या कुठल्याही पुरुषानं विचारलेला नाही. मी त्यांना खरं उत्तर दिलं, की लस पुरेशी नसते तेव्हा ज्यांना कॅन्सरचा धोका जास्त त्यांना आधी द्यायची असं ठरलंय. ते म्हणाले, "हां, ये बात ठीक है. लेकिन पूरी बात बोला करो." मुलीला त्यांनी पुढच्या आठवड्यात आणलं.

पूरी बात बोला करो. त्यांना ठाऊक नव्हतं, पण पूरी बात न विचारल्याची शिक्षा मी तेव्हा भोगत होते.

आता डोंगराकडे येते. नोकरीची शेवटची काही वर्षं मी सातपुड्यातल्या एका आरोग्य केंद्रात होते. केंद्राचं नाव सांगत नाही, कारण चूक केंद्राची नव्हती, माझी होती. सगळा भिल्ल आणि पावरा लोकांचा मुलूख. घरातली बोली वेगळी, मराठी फक्त शाळेत आणि कचेरीत. मला त्यांची बोली कामापुरती समजायची, बोलता यायची नाही. माझ्या आणि लोकांच्या मध्ये सेवंती असायची. ती तिथली आशाताई, नववी शिकलेली, माझ्यापेक्षा दुप्पट शहाणी. आणि एक गोष्ट सपाटीवरच्यांना विचित्र वाटेल, तिकडे सगळ्यांना 'तू' म्हणतात. डॉक्टरला, तहसीलदाराला, देवालाही. सुरुवातीला मला खटकायचं. नंतर 'मॅडम, मॅडम' ऐकलं की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायला लागलं.

बाजाराच्या दिवशी आमच्या केंद्रात पाय ठेवायला जागा नसायची. लोक पहाटेच चालत निघायचे, बाजार करायचे आणि जाता जाता दवाखाना करायचे. त्या गर्दीत सायकी आली. पस्तिशीच्या आतबाहेरची, काटक, कपाळावर गोंदण. बरोबर नवरा होता, दित्या. सेवंती म्हणाली, "हिची कंबर दुखते."

डोंगरात कुणाची कंबर दुखत नाही? डोक्यावर मोळी, कडेवर पोर, वर्षातले चार-पाच महिने गुजरातेत ऊसतोड. मी केसपेपरवर 'कंबरदुखी' लिहिलं, गोळ्या लिहिल्या, रक्तवाढीच्या वेगळ्या. पुढचा पेशंट. दोन-तीन महिन्यांनी सायकी पुन्हा आली. कंबर दुखते. मी पुन्हा गोळ्या दिल्या. तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा मी जरा वैतागूनच म्हणाले, "तिला सांग सेवंती, ओझं कमी उचल म्हणावं." सेवंतीनं सांगितलं असेल. दित्यानं गोळ्यांची पुडी कमरेला खोचली आणि दोघं गेली.

तिची कंबर खरोखर दुखत होती, खोटं नव्हतंच ते. पण तिकडची बाई परक्यासमोर तेवढंच सांगते आणि थांबते. अंगावरून जातं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसतं, नवऱ्याजवळ गेल्यावर दिसतं, हे ती आपणहून सांगत नाही, त्यातून नवरा शेजारी उभा असेल तर नाहीच. ते विचारावं लागतं. नवऱ्याला बाहेर बसवून, दार लावून, तिच्याकडे बघत विचारावं लागतं. मग टेबलावर घेऊन तपासावं लागतं. आपल्या जेवणातला असतो तसाच व्हिनेगर, तो पातळ करून पिशवीच्या तोंडाला लावायचा आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेली जागा पांढरी दिसते. एवढी साधी तपासणी. त्या टप्प्यावर सापडलं तर बाई बरी होऊन घरी जाते. हे सगळं मला येत होतं. मी ते केलं नाही, कारण बाहेर रांग होती आणि मला लवकर उरकायचं होतं.

चौथ्या वेळी सायकी दारातून आत आली आणि ती बसायच्या आतच मला कळलं. त्या रोगाला वास असतो. एकदा ज्यानं घेतला तो विसरत नाही. मी दित्याला बाहेर काढलं, तिला तपासलं. सगळं आत पसरलं होतं. मी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली, गाडी करून दिली. शेकायला, म्हणजे किरणांच्या उपचाराला, त्यांना लांबच्या शहरात पाठवलं. तिथे ती दोघं एकदा जाऊन आली, परत गेली नाहीत. त्या शहरात कुणाला त्यांची भाषा समजत नव्हती. पुढच्या पावसाळ्यात सायकी गेली. मी भेटायला जाईन जाईन म्हणत राहिले. मग माझी निवृत्ती आली आणि मी शहाद्याला निघून आले. पळाले, असं म्हणा हवं तर.

दोनेक वर्षांपूर्वी एका संस्थेनं डोंगरातल्या मुलींसाठी लस मिळवली आणि मला बोलणी करायला बोलावलं. टोचायला सिस्टर होत्या, माझं काम आईबापांशी बोलायचं. मी सेवंतीला फोन केला. ती म्हणाली, "ये, पण सोपं नाही. मोबाईलवर फिरतंय, की ही पिशवी बंद करायची सुई आहे." आता यात लोकांचं काय चुकलं? आम्ही डॉक्टर मंडळी त्यांच्याकडे आधी कशासाठी जात होतो? नसबंदीची माणसं गोळा करायला. करोनाची सुई घेऊन गेलो तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत अख्खा पाडा जंगलात निघून गेला होता.

मग पाड्यांची यादी बघितली. पहिलाच पाडा दित्याचा.

मोलगी या डोंगरातल्या बाजाराच्या गावापर्यंत जीप, पुढे पायी. दुपारी पोचलो. लोक जमले होते, बाया एका बाजूला, बापे एका बाजूला. माझ्यासाठी खाट टाकली होती. सेवंतीनं सगळ्यांना ओळख करून दिली. दित्या पुढेच बसला होता. केस पांढरे झाले होते. त्याच्या मागे एक मुलगी, आश्रमशाळेचा निळा गणवेश घातलेली. ती रविना, सायकीची मुलगी, तेरा वर्षांची. सायकी पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा हीच पोर तिचा पदर धरून उभी होती.

मी सेवंतीमार्फत बोलायला लागले. बायकांना एक आजार होतो, त्याच्यावर सुई आहे. चार वाक्यं झाली असतील. दित्या उठला. तो मराठी थोडी बोलतो, ऊसतोडीच्या मुकादमाशी बोलून शिकलेली.

"तू त्या दवाखान्यातली ना?"

"हो."

"माझ्या बाईला तीन वेळा आणली मी. तू तीन वेळा कमरेची गोळी दिली. आज तू सांगते पोरीला सुई दे. सुईचं नंतर. आधी गोळीचं सांग."

सेवंती माझ्या कानात म्हणाली, "गर्दी फार होती असं सांगू का?" तिला मला वाचवायचं होतं. आणि खरं सांगते, एक क्षण मला ते हवंसं वाटलं. माझा हात खाटेवर काहीतरी शोधत होता. केसपेपर शोधत होता, दुसरं काय! पण तिथे केसपेपर नव्हता.

पाड्याचा कारभारी म्हणजे तिथला जुना जाणता माणूस. तो काठी टेकत पुढे आला आणि सेवंतीला काहीतरी म्हणाला. सेवंतीनं मला सांगितलं, "हा झगडा झाला म्हणतो. झगडा मिटल्याशिवाय दुसरं बोलणं नाही. आणि झगड्यात खाटेवर बसायचं नाही, दोन्ही बाजूंनी खाली बसायचं."

त्या लोकांत भांडण कोर्टात नेत नाहीत, पंच बसून मिटवतात. हे मला माहीत होतं. मी स्वतः त्यात बसेन असं कधी वाटलं नव्हतं. गुडघे धरलेले माझे, पण बसले खाली. दित्या समोर बसला, हातभर अंतरावर. आता बघणार तरी कुठे? मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि बोलले.

"सायकीची कंबर दुखत होती. तिला मी आणखी विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. तपासायला पाहिजे होतं. तपासलं नाही. पहिल्या वेळी तपासलं असतं तर ती वाचली असती, असं मला वाटतं. गर्दी होती, पण तुला बाहेर बसवून तिला विचारायला मला पाच मिनिटं लागली असती. मी चुकले, दित्या. चूक माझी आहे."

सेवंती माझं बोलणं त्यांच्या बोलीत करून सांगत होती. बायांच्या बाजूला कुणीतरी रडायला लागलं. मीही रडले, लाज कसली त्याची!

दित्या त्यांच्या बोलीत बोलला. मला समजलं, पण सेवंतीनं तरी सांगितलंच. "ही विचारत नव्हती. मी पण घरात विचारलं नाही. तिला रक्ताची गोदडी धुताना बघितली होती मी. विचारलं नाही."

पंचांत दंडाचं बोलणं सुरू झालं. कुणी बकरं म्हणालं. दित्यानं हात हलवून नको म्हटलं. तो म्हणाला, "बकरं खाऊन विसरून जातील. हिनं आत्ता सांगितलं ना, तसंच दर पाड्यात सांगायचं. आधी ते, मग सुईचं. सायकीचं नाव घेऊन सांगायचं." कारभाऱ्यानं मान डोलावली. गूळ आला. एक खडा दित्यानं खाल्ला, एक मी. झगडा मिटला असं कारभाऱ्यानं मोठ्यानं सांगितलं आणि मला परत खाटेवर बसायला सांगितलं. मी खालीच बसून राहिले.

मग सुईचं बोलणं झालं. पण ते आता वेगळंच बोलणं होतं. मी भाषण केलं नाही, ते विचारत गेले आणि मी सांगत गेले.

"ही सुई सायकीला असती तर?" दित्यानं विचारलं.

"तिच्या वयाला सुईचा उपयोग नव्हता. तिला तपासणी पाहिजे होती. सुई पोरींची आहे."

"सुई दिली म्हणजे रविनाला होणारच नाही?"

सेवंतीनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटत होतं मी 'हो' म्हणावं. पण आता कसली लपवाछपवी? "बराचसा धोका जातो, सगळा जात नाही. मोठी झाली, लग्न होऊन पोरंबाळं झाली की तिलाही तपासून घ्यावंच लागेल."

"पोरं होतील?" हे बायांच्या बाजूनं आलं.

"होतील. सुईचा आणि पोरं होण्याचा काही संबंध नाही. हात दुखेल एक-दोन दिवस. एखादीला चक्कर येते, म्हणून सुईनंतर थोडा वेळ बसवून ठेवतो."

"आणि हा आजार येतो कुठून?"

सांगितलं. नवऱ्याकडून येतो, त्याला स्वतःला कळतही नाही, म्हणून त्याच्यावर राग धरायचा नाही, तेही सांगितलं. बापे एकमेकांकडे बघायला लागले. बायांमधली एक म्हातारी काहीतरी बोलली आणि सगळ्या बाया हसल्या. सेवंतीनं ते मात्र मला मराठीत करून सांगितलं नाही, अजूनही सांगत नाही.

मला वाटलं, आता दित्या 'हो' म्हणेल. तो मागे वळला आणि त्यानं रविनाला विचारलं. मला हे अपेक्षित नव्हतं. इतकी वर्षं मी आईला विचारलं, बापाला विचारलं, आजीची समजूत काढली. जिच्या दंडात सुई जाणार तिला मी कधी विचारलं नव्हतं.

रविना शाळेतली शुद्ध मराठी बोलली, धड्यातलं वाचून दाखवावं तशी. "आईची कंबर दुखायची तेव्हा ती मला पाठीवर उभी राहायला सांगायची. मी कमरेवर पाय देऊन चालायची. आई म्हणायची, आता बरं वाटतं." एवढं बोलून तिनं खाली बघितलं. मग बाही वर केली. "मला द्या."

त्या दिवशी त्या पाड्यात सगळ्याच मुलींना सुया मिळाल्या असं नाही. दोन घरं नाही म्हणाली, आणि त्यांना कुणी काही बोललं नाही, मीही नाही. पण नाही म्हणणाऱ्यांपैकी एक बाप सगळं संपेपर्यंत बसून होता. तेही मी जमेत धरलं.

त्या मोहिमेत दोन सुया होत्या, सहा महिन्यांच्या अंतरानं. आता एका सुईतही काम भागतं असं म्हणतात, पण आमचं दोनचं ठरलं होतं. खरी धास्ती तिथेच होती. दिवाळीनंतर सगळी घरं उसाला गुजरातेत जातात. कार्डावर तारीख लिहून काय उपयोग? तिकडे कार्ड जपून ठेवायला पेटी कुठे असते? मी कार्डावर तारीख लिहिली आणि तोंडानं सांगितलं, होळी झाल्यावरचा मोलगीचा बाजार. होळीला डोंगरातला माणूस कुठेही असला तरी घरी येतो, आणि होळीनंतर बाजाराला तर येतोच येतो.

तो हिवाळा मी बेचैनीत काढला. दंड मात्र फेडत होते. दर पाड्यात आधी सायकी, मग सुई. काही ठिकाणी लोक माझ्यावर ओरडले. एका ठिकाणी बाया उठून गेल्या. पण एक फरक पडला होता. माझी चूक ऐकून झाली की लोक मग खरे प्रश्न विचारायचे. पूर्वी नुसती मान हलवायचे आणि सुईच्या दिवशी घराला कुलूप.

होळीनंतरच्या बाजाराला आम्ही मोलगीत एक खोली घेतली. पडदा लावला, टेबल टाकलं, सिस्टर लशीचा डबा घेऊन बसल्या. व्हिनेगरची बाटलीही ठेवली होती मी, कुणी विचारलं नव्हतं तरी. सकाळी एक-दोन मुली आल्या. मग बराच वेळ कुणी नाही. मी दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होते. बाजार भरला होता. मला एकच चेहरा हवा होता.

दुपारी दित्या आला. पुढे रविना, उन्हानं रापलेली, हातावर उसाच्या पात्यांचे ओरखडे. तिच्यामागे पाड्यातल्या पाच मुली. आणि नाही म्हणालेल्या त्या बापाची मुलगीही, पहिल्या सुईसाठी. रविनानं कार्ड काढलं. सुपारीच्या रिकाम्या पाकिटात घालून, दोऱ्यानं गळ्यात बांधून तिनं ते उसाच्या फडातही जपलं होतं. मी तिला जवळ घेतलं. तिला ते आवडलं नाही, अंग चोरून उभी राहिली, आणि मला हसू आलं.

सुया झाल्या. मुलींना बाकावर बसवलं. दित्या जायला निघाला नाही. तो बाहेर गेला आणि एका बाईला घेऊन आला. त्याची धाकटी बहीण, दुसऱ्या पाड्यात दिलेली. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"हिची कंबर दुखते," दित्या म्हणाला. "गोळी देऊ नको. आधी विचार."

एवढं बोलून तो आपणहून बाहेर जाऊन बसला, पाठ करून. मी सेवंतीला आत बोलावलं, दार लावलं आणि बहिणीच्या समोर बसून विचारायला लागले.